कलम आणि पैवंद

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकाचा विषय उर्दू, एकाचा विज्ञान. दोघांचे बी.एड. एकाच वर्षीचे आणि लग्न त्यानंतर तीन वर्षांनी. कोणाचा विषय कोणता, हे वाचकांनी विचारू नये. पुस्तकांच्या बाबतीत आमच्या घरात 'मी' हा शब्द चालत नाही. पुस्तक कोणी आणले, पैसे कोणी मोजले आणि नंतर कोण पस्तावले, या तिन्ही प्रश्नांना 'आम्ही' हे एकच उत्तर आहे. निदान अम्मींसमोर तरी.

आम्ही झाडाझुडपांची आणि बागांची जुनी पुस्तके जमवतो. हे सांगितले की समोरच्याला दोन गोष्टी वाटतात. एक तर आमची आंब्याची मोठी बाग असणार, किंवा आम्ही फावल्या वेळात हिकमत करून चूर्ण-माजून देत असणार. बाग आमच्याकडे नाही. चिपळूणच्या बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्याची जागा, दारात तेलाच्या डब्यात लावलेला सब्जा आणि एक कढीपत्ता, एवढीच आमची बागायत. औषध म्हणाल तर घरात खोकला झाला तरी आम्ही डॉक्टरकडेच जातो. आमच्याकडे आहे ते फक्त एक कपाट. त्यात मोजून चाळीसेक पुस्तके होती. आता कमी आहेत. ती कमी का झाली ते पुढे येईलच. आणि या छंदात आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगायची आहे. खरे तर तीच सांगायची आहे.

सुरुवात वर्गात झाली. आठवीच्या उर्दूच्या एका धड्यात 'मौलसिरी' हे झाड आले. मुलांना विचारले, पाहिले आहे का कोणी? कोणीच नाही. तिकडे दिल्ली-लखनौकडे होत असेल, असे एक जण म्हणाला. शिकवणाऱ्यालाही खात्री नव्हती, म्हणून धडा तसाच पुढे गेला. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या तासाला लागणारी फुले घेऊन एक मुलगी आली. ओंजळीत ओवळीची फुले. मराठीत आपण ज्याला बकुळ म्हणतो, त्यालाच आमच्याकडे घराघरांत ओवळ म्हणतात. आमच्यापैकी एकाने सहज विचारले, याला उर्दूत काय म्हणत असतील? दुसऱ्याने त्या रात्री शब्दकोश काढला आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मौलसिरी म्हणजेच ओवळ! ज्या झाडाखाली आमची मुले रोज चपला काढून लगोरी खेळतात, तेच झाड पुस्तकात आले तर त्यांना ते परदेशी वाटते. दोष मुलांचा नव्हता. घरची भाषा कोकणी, शाळेची उर्दू, तहसील कचेरीची मराठी. या तिघींची नावे एका ओळीत मांडून देणारे कोणी त्यांना भेटलेच नव्हते. आम्हालाही नाही.

अशी ओळ कुठे मिळते याच्या शोधात आम्ही जुन्या पुस्तकांपर्यंत पोहोचलो. विल्यम डायमॉक नावाचे एक इंग्रज मुंबईत सरकारी औषध भांडाराचे प्रमुख होते. वॉर्डन आणि हूपर या दोघांना सोबत घेऊन त्यांनी 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात तीन भागांत काढला. मुंबईत तो निघाला भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून. आम्हाला त्याचा सुटा दुसरा भाग मुंबईच्या फुटपाथवर मिळाला. पाठीचे चामडे गेलेले, शिवण सुटलेली. पण ओवळ त्याच भागात होती. हिंदुस्थानी नाव आणि मराठी नाव शेजारी शेजारी. तेव्हा आम्ही शिक्षण सेवक होतो, मानधन महिन्याला आठ हजार. त्यातले सहाशे रुपये देऊन आम्ही तो भाग घेतला आणि परतीच्या एसटीत वडापावसुद्धा एकात दोघांनी खाल्ला.

डायमॉक वाचताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर येई: 'मखजनुल अदविया', म्हणजे औषधांचा खजिना. हा अठराव्या शतकातला फारसी ग्रंथ, लिहिणारे मुहम्मद हुसेन अकीली खुरासानी. औषधांची नावे त्यात अलिफपासून क्रमाने लावलेली आहेत. भायखळ्याच्या छापखान्यातला इंग्रज, हकिमांचे म्हणणे सांगायचे झाले की सरळ या मखजनचे नाव घेतो. आम्हाला गंमत वाटली. साहेबाच्या पुस्तकाची मुळे शोधत गेलो तर ती आमच्याच लिपीत निघाली. मग मखजन हवाच झाला. पुढे तोही मिळाला. लखनौच्या नवल किशोर छापखान्याची शिळाछापाची प्रत, पिवळी पडलेली, कसरीने चाळण केलेली.

त्या प्रतीच्या पहिल्या पानावर कोणा जुन्या मालकाने शाईने तीनदा लिहिले आहे, 'या कबीकज'. आम्हाला वाटले मालकाचे नाव असेल. नंतर वाचनात आले की जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांवर ही अक्षरे सर्रास सापडतात. कबीकज ही मुळात एक विषारी वनस्पती, पिवळ्या-लाल फुलांची. किड्यांना तिचा दर्प सोसत नाही अशी समजूत होती. पुढे लोक वनस्पती विसरले आणि नाव तेवढे राहिले. कबीकज हा किड्यांचा बादशहा आहे, त्याला हाक मारली की त्याची रयत पुस्तकाला हात लावत नाही, असे मानू लागले. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "तौबा करा, आणि डांबराच्या गोळ्या ठेवा." आमच्या प्रतीत कसर नेमकी त्या हाकेतल्या काफमधूनच आरपार गेली आहे. बादशहाचा हुकूम तिच्यापर्यंत पोहोचला नसावा. आम्ही डांबराच्या गोळ्या ठेवल्या.

हळूहळू कळू लागले की अशा पुस्तकांत मजकुरापेक्षा कोपऱ्यांत जास्त असते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ आमच्याकडे आहे. मूळचा १९०१ ते १९०८ मधला. मूळ आवृत्ती आमच्या आवाक्याबाहेरची, म्हणून १९५८ चे तीन खंडांचे पुनर्मुद्रण घेतले. कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. ग्रंथ त्यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडात लिहिला. त्यात प्रत्येक वनस्पतीखाली ती कोठे सापडली आणि कोणी गोळा केली ते थोडक्यात दिले आहे. नावापुढे उद्गारचिन्ह असले तर समजायचे की तो नमुना लेखकाने स्वतः पाहिला आहे. साहेबांच्या आडनावांमध्ये मधूनच 'कानिटकर!' येते आणि मधूनच 'भिवा!' येते. कानिटकरांना निदान आडनाव आहे. भिवाला तेही नाही. नुसता भिवा आणि उद्गारचिन्ह. हा भिवा पावसात कुठल्या घाटात चढला असेल, पाठीवर नमुन्यांची पाटी घेऊन कुठे झोपला असेल, त्याला काय मिळाले असेल, याची ओळ ग्रंथात नाही. पण ते रोप होते आणि भिवाने आणलेले होते, एवढी ग्वाही त्या एका चिन्हाने शंभरावर वर्षे टिकवली आहे. आमच्या मुलांना आम्ही हे पान दाखवतो. विरामचिन्हे शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला मिळालेले नाही.

आमच्या संग्रहातले सर्वांत मोलाचे पुस्तक मात्र आमच्याकडे नाहीच. ते आहे 'हॉर्टस मलाबारिकस'. बारा खंड, ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. कोचीनचा डच गव्हर्नर व्हॅन रीड याने मलबारातल्या सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे आणि माहिती त्यात गोळा करवली. सांगणारे होते इट्टी अच्युदन नावाचे ईळव जातीचे वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, आप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण. व्हॅन रीड १६९१ मध्ये सुरतेकडे जाताना जहाजावर वारला. त्याची कबर सुरतेच्या डच कबरस्तानात आहे. केरळच्या के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. असा ग्रंथ आम्ही कोठून घेणार? पण त्याची पाने संगणकावर सर्वांना पाहता येतात. आम्ही वीसेक पाने छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग केले आणि कपाटात सर्वांत वर ठेवली.

त्या पानांवर काय आहे ते सांगतो. मध्ये झाडाची फांदी, फूल, फळ, बारीक रेघांत कोरलेले. आणि एका कोपऱ्यात त्या झाडाची नावे. रोमन लिपीत, मल्याळममध्ये, अरबी लिपीत आणि नागरीत. एका फांदीखाली चार लिप्या. आम्ही ते पान पहिल्यांदा पाहिले त्या रात्री बराच वेळ काही बोललो नाही. आम्हाला नेहमी विचारले जाते, "उर्दू शाळेतले असून तुमचे मराठी इतके चांगले कसे?" विचारणारा कौतुकानेच विचारतो. तरीही दर वेळी आपल्याला कुठल्या तरी कुंपणावर उभे केल्यासारखे वाटते. आणि इथे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कागदावर उजवीकडून जाणारी आणि डावीकडून येणारी लिपी एकाच झाडाखाली बसली होती. झाडाने दोघींना कधी काही विचारले नसावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पान वर्गात नेले. त्याच आठवड्यात मुलांची एक वही सुरू झाली. प्रत्येकाने घराजवळचे एक झाड काढायचे, खाली त्याचे नाव उर्दूत आणि मराठीत लिहायचे, आणि दादी-नानीला विचारून घरचे नाव लिहायचे. रातांबा, उंडी, तामण, करंज. उर्दू नाव न सापडल्यास जागा कोरी सोडायची, बनवून लिहायचे नाही. त्या कोऱ्या जागा आम्हाला भरलेल्या जागांइतक्याच आवडत.

बागांच्या इतिहासाची पुस्तके कपाटात थोडी उशिरा आली. कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या बाईंचे मुघल बागांवरचे १९१३ चे पुस्तक, त्यांनी स्वतः रंगवलेल्या चित्रांसह. 'तुज़ुके जहांगिरी'चे भाषांतर. दारा शुकोहच्या नावावर असलेल्या शेती-बागायतीच्या फारसी पुस्तकाचे, 'नुस्खा दर फन्ने फलाहत'चे, रज़िया अकबर यांनी केलेले भाषांतर, सिकंदराबादहून २००० मध्ये निघालेले. हे काही जुने नव्हे, पण जुन्याकडे जाण्याची वाट. जहांगीर बादशहा लिहितो की, त्याच्या वडिलांच्या काळापूर्वी काश्मिरात शाहआलू, म्हणजे चेरी, नव्हती. मुहम्मद कुली अफशारने ती काबूलहून आणून कलम केली. हे वाचताना आम्ही थांबलो. 'कलम' हा शब्द आम्ही दिवसातून दहा वेळा उच्चारतो. वर्गात त्याचा अर्थ लेखणी, आणि शाळेच्या फाटकाबाहेर हापूसचे कलम. शब्द एकच, अरबीतून आलेला. आमच्या कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, त्याला तो मराठीच वाटेल. वाटो. कलमाची खूण हीच की जोड दिसेनाशी होते.

फारसीत आणि उर्दूत कलम बांधण्याला आणखी एक शब्द आहे, पैवंद. त्याचाच दुसरा अर्थ कपड्यावरचे ठिगळ. दादी जुन्या चादरीला लावायची ते पैवंद, आणि रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधायची तेही पैवंद. फाटलेले जोडणे आणि नवे वाढवणे या दोन्हींना भाषेने एकच शब्द ठेवला आहे.

आता चुकीबद्दल.

लग्नानंतर आम्ही मुंबईला गेलो होतो, २०१४ साली. एका जुन्या बाजारात भिंतीवर टांगलेले एक चित्र दिसले. बहाव्याची फांदी, पिवळ्या फुलांचे घोस, खाली इंग्रजीत नाव. छापील होते, पण जुने आणि देखणे. फ्रेमसकट साडेचारशे रुपये. आमच्या संसारातली ती पहिली खरेदी. दिवाणखान्यात लावले. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, माशाअल्लाह, काय सुंदर आहे. दुकानदाराकडे अशी आणखी बरीच चित्रे होती. ती कोठून येतात हे आम्ही विचारले नाही. विचारावे असे सुचलेच नाही.

दोन वर्षांनी पुण्याच्या एका रद्दीच्या ढिगात एक पुस्तक हाताला लागले. ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे भारतातल्या सुंदर झाडांवरचे पुस्तक, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलेले, १९३७ ची पहिली आवृत्ती. ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले स्विस पाद्री, मोठे वनस्पतीतज्ज्ञ. आणि मिलार्ड म्हणजे तेच गृहस्थ, ज्यांच्याकडे १९०८ मध्ये सलीम अली नावाचा एक लहान मुलगा मेलेली चिमणी घेऊन गेला होता, हिच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारायला. मिलार्डनी त्या मुलाला हाकलले नाही, सोसायटीतले सगळे पक्षी कपाटे उघडून दाखवले. आमच्या समाजातल्या एका मुलाचे आयुष्य त्या दुपारी ठरले. हे सगळे आम्हाला ठाऊक होते, म्हणून पुस्तक पाहताच आनंद झाला. उघडले, आणि पहिल्याच प्रकरणांत कळले. रंगीत चित्रांच्या जागी शिवणीजवळ कापलेल्या पट्ट्या. ब्लेडने, पट्टी लावून, सरळ. काही चित्रे राहिली होती, पुष्कळ गेली होती. बहाव्याचे प्रकरण काढले. पट्टी.

आम्ही दुकानात उभ्या उभ्याच समजलो की आमच्या भिंतीवर काय टांगले आहे.

जुन्या पुस्तकांचा हा हिशेब सोपा आहे. अख्खे पुस्तक दोन हजारांना जाते, त्यातली वीस चित्रे फ्रेम करून विकली तर दहा हजार होतात. म्हणून चित्रे जातात भिंतीवर आणि मजकूर जातो रद्दीत. कापणाऱ्याच्या हातात ब्लेड असते हे खरे. पण ब्लेडला धार लावणारे गिऱ्हाईक असते. ते गिऱ्हाईक आम्ही होतो. मुलांना वाचनालयातल्या पुस्तकाचे पान फाडले म्हणून आम्ही ओळीत उभे केलेले आहे. त्या रात्री दिवाणखान्यात बसून आम्हाला त्या मुलांचे चेहरे आठवले.

पुस्तक आम्ही घेतले. घरी आणून फ्रेम उघडली आणि चित्र त्या पट्टीला लावून पाहिले. पुस्तकाच्या वरच्या कोपऱ्यात पाण्याचा एक जुना डाग होता, पानामागून पान उतरत गेलेला. चित्रावर तो नव्हता. कापही जुळला नाही. आमचे चित्र या पुस्तकातले नव्हते. क्षणभर आम्हाला हायसे वाटले. मग कळले की यात हायसे वाटण्यासारखे काही नाही. म्हणजे कुठे तरी दुसरे एक पुस्तक आहे, ज्यात बहाव्याच्या जागी पट्टी आहे, आणि ती आमच्यामुळे आहे.

मुंबईत एक जिल्दसाज चाचा आहेत, त्यांच्याकडे आम्ही पुस्तक आणि चित्र दोन्ही घेऊन गेलो. म्हटले, हे यात लावून द्या. त्यांनी दोन्ही उजेडात धरून पाहिले. "ये इसका नहीं है," ते म्हणाले. आम्ही म्हटले, माहीत आहे. मग त्यांनी काही विचारले नाही. मैद्याची लेई शिजवली, तिला कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातले, पट्टीवर पातळ बोट फिरवले आणि चित्र बसवले. हाडाच्या पट्टीने दाबत म्हणाले, "पैवंद है. पकड़ लेगा." आम्ही घरी आलो. भिंतीवर फ्रेमच्या जागी एक चौकोनी पांढरा ठसा राहिला. अम्मींनी तिथे कॅलेंडर लावले.

मखजनमध्ये बहावा शोधला तर तो 'खियार शंबर' या अरबी नावाने सापडला. उर्दूत अमलतास. तिथे फुलांचे कौतुक नाही. आहे ते शेंगेतल्या गराचे, आणि तेही पोट साफ करण्यासाठी. मुलांच्या वहीत आम्ही तिन्ही नावे लिहिली. वर्ग पोट धरून हसला.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला आली. त्या दिवशी पाऊस थांबतच नव्हता. कुर्बानीचे वाटे पोहोचवून घरी यायला संध्याकाळ झाली. रात्री वाशिष्ठीचे पाणी वाढतेय असे फोन येऊ लागले. २२ तारखेला पहाटे पाणी आमच्या पायरीशी होते आणि थोड्याच वेळात घरात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून ठेवले होते. पहिल्या फेरीत आम्ही अम्मींना आणि मुलीला वर नेले. दुसऱ्या फेरीत तांदूळ, औषधे, शेगडी. तिसऱ्या फेरीत कुरआन शरीफ, सनदा, सर्व्हिसचे कागद. चौथ्या फेरीला पाणी छातीला लागले होते. कपाटापर्यंत आम्ही दोघे गेलो, आणि कोणी काय उचलायचे हे बोलायला वेळ नव्हता. वर आल्यावर पाहिले तर एकाच्या हातात मखजन होता आणि एकाच्या हातात कुकचे तीन खंड. पाचवी फेरी झाली नाही.

दोन दिवसांनी खाली उतरलो. चिखल. कपाट आडवे पडलेले. आमचे काही लाख-दोन लाखांचे नुकसान नव्हते. शेजारच्या दुकानदारांचे आयुष्य वाहून गेले होते. गावातल्या जुन्या वाचनालयातही पाणी शिरले होते. अशा वेळी पुस्तकांसाठी रडायची लाज वाटते, म्हणून आम्ही चिखल काढताना रडलो.

चाचांना फोन लागला तेव्हा त्यांनी एकच सांगितले. गुळगुळीत चकाकत्या कागदाची पाने ओली आहेत तोवरच वेगळी करा, एकदा वाळली की विटेसारखी होतात, मग कोणी बाप सोडवू शकत नाही. जाडाभरडा जुना कागद थांबू शकतो, हा थांबत नाही. वीज नव्हती. काकूंनी दिवाळीच्या पदार्थांसाठी आणून ठेवलेला बटर पेपर दिला. शाळेच्या वरच्या मजल्यावर परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्या होत्या, मुख्याध्यापकांना विचारून त्या आणल्या. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही रात्रभर ब्लॅटर-मिलार्डचे एकेक पान उलटत बसलो. चित्रावर बटर पेपर, मजकुरावर पुरवणी. काकूही बसल्या. एक चित्र सोडवताना त्या म्हणाल्या, "हा तर पळस की गं," आणि मग प्रत्येक चित्राचे नाव त्याच सांगू लागल्या.

सहा चित्रे सुटली नाहीत. मुघल बागांचे पुस्तक आमच्या हाताला फार उशिरा लागले, ते खरोखरच विटेसारखे झाले. डायमॉकचा भाग फुगून दुप्पट झाला, पण अक्षर टिकले. हॉर्टसच्या छापील पानांचा लगदा झाला. ती पुन्हा छापून आणली. पाण्याला ज्याचे काहीच करता आले नाही असे आमच्याकडचे तेवढे एकच पुस्तक, जे आमच्याकडे नाही. मुलांची वही शाळेच्या खालच्या कपाटात होती, ती गेली. ती पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झाली आहे. दुसऱ्या खेपेला मुलांनी कोऱ्या जागा अधिक सोडल्या, कारण त्या नावांच्या काही दाद्या दरम्यान अल्लाहला प्याऱ्या झाल्या होत्या.

आणि बहावा. लेई विरघळून तो सुटेल असे आम्हाला वाटले होते. सुटला नाही, एक कोपरा तेवढा गेला. पुस्तक वाळल्यावर पाहिले तर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ पानाच्या मध्यावरून गेली आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बहाव्याच्या पानावरूनही. मागचे पान, चित्र, पुढचे पान, तिन्ही एकत्र धरली तर रेघ कुठेही तुटत नाही. आता डाग जुळतो.

म्हणून आम्ही सुटलो असे नाही. त्या दुसऱ्या पुस्तकातली पट्टी अजून कुठे तरी आहे. हा वार्षिकांक गावोगावी, घरोघरी जातो, म्हणून इथे लिहितो. कोणा वाचकाच्या कपाटात, कोणा शाळेच्या, दर्ग्याच्या, कॉलेजच्या ग्रंथालयात ब्लॅटर-मिलार्डची १९३७ ची प्रत असेल, तर बहाव्याचे प्रकरण उघडून पाहावे. चित्र नसेल आणि शिवणीजवळ सरळ कापलेली पट्टी असेल, तर संपादकांकडे कळवावे. आम्ही चित्र घेऊन येऊ. चिखलाच्या रेघेसकट, गेलेल्या कोपऱ्यासकट. द्यायला जीवावर येईल. पण देऊ, आणि लेई सोबत आणू.